घरच्या बायकांचा कोच

त्या दुकानात विकायला काहीच नसायचं. फाटलेला सोफा आणा, नवा करून न्या, बसलेली गादी आणा, फुगवून न्या, एवढाच व्यवहार. तरीही आलेलं गिऱ्हाईक मागच्या खोलीत डोकावलं की हमखास एका कोचाची किंमत विचारायचं, आणि गल्ल्यावर बसलेली आई दरवेळी तेच उत्तर द्यायची. "तो विकायचा नाही. तो घरच्या बायकांचा आहे."

कोच दिसायला विचित्रच होता. बसायला गेलं तर घसरायला व्हायचं, उताणं झोपायला गेलं तर कंबर अवघडायची. पण डाव्या कुशीवर वळून गुडघे पोटाशी घेतले की पोटाखाली एक मऊ उंचवटा बरोबर यायचा, गुडघ्यांना खळगा मिळायचा आणि पाठीला मागचा कडक लोड टेकायचा. अशा एकाच निजण्यासाठी तो बनवलेला होता.

बनवला होता आजीने, म्हणजे आईच्या आईने. दुकानही तिचंच. हातोडी, दाभण आणि सुतळी यांत तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं, पण महिन्यातले दोन-तीन दिवस तिला उभं राहवत नसे. गादीवाल्यांच्या घरात दुखण्यावर औषध कोणतं, तर गादी. तिने आपल्या पोटाच्या मापाने कोच बांधला आणि त्या दिवसांत त्यावर पडून ती कामगारांना हुकूम सोडू लागली. पुढे आईची पाळी आली तेव्हा आईने काथ्या काढून त्यात स्पंज घातला. आईच्या धाकट्या लेकीने गरम पाण्याच्या पिशवीसाठी कडेला एक कप्पा शिवला. प्रत्येक पिढीने कोचात काही ना काही सुधारणा केली. डॉक्टरकडे जायची सुधारणा तेवढी कुणाला सुचली नाही.

बरं, त्यात लपवाछपवी म्हणाल तर तीही नव्हती. "धाकटी कुठंय?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की आई सरळ सांगायची, "ती आज कोचावर आहे." जुन्या गिऱ्हाइकांना ते कळायचं आणि ती परवा येतो म्हणून निघून जायची. असं समजूतदार घर शोधून सापडणार नाही. आणि तिथेच सगळी गोची होती.

धाकटी पस्तिशीची झाली तरी धाकटीच राहिली होती. थोरली बहीण मशीनवर कव्हरं शिवायची, धाकटीकडे सोफ्याच्या पाठीत खोल बटणं बसवण्याचं काम. लांब दाभण आरपार घालायचं, सुतळी मागून खेचायची, गाठ मारायची, की बटण आत रुतून बसतं आणि भोवती छान चुण्या पडतात. या खेचण्यात सगळा जोर पोटातून येतो. महिन्यातला एक आठवडा तिला हा जोर लावता यायचा नाही, मग हळूहळू दोन आठवडे. शौचाला जाताना डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. हे ती कुणाला सांगायची नाही, कारण कोचावर पडण्याला घरात मान होता, पण शौचाच्या गोष्टीला नव्हता.

एकदा नवऱ्याच्या आग्रहाने ती गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेली होती. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. माणूस मितभाषी, पण रात्री शेजारी कुणी दात आवळून पडलंय हे कळायला बोलावं लागत नाही. डॉक्टर तसे भले. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास आहे?"

"नाही हो," धाकटी म्हणाली.

ती खोटं बोलली नाही हे महत्त्वाचं आहे. आजीला, आईला त्रास होता असं तिला कधी वाटलंच नव्हतं. त्यांना कोच होता.

डॉक्टरांनी दुखणं थांबायची गोळी दिली. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं. सोनोग्राफी झाली, त्यात सगळं ठीक निघालं. तिसरे म्हणाले, एक मूल होऊ द्या, आपोआप थांबेल. जसं काही मूल दारात उभं होतं आणि ही त्याला आत घेत नव्हती. थोरलीचं बाळंतपणानंतर दुखणं खरंच कमी झालं होतं, त्यामुळे आईनेही त्यांचीच री ओढली. शेवटी धाकटीने मनाशी ठरवून टाकलं की पोटात काही नाही, आपणच नाजूक आहोत. 'नाजूक' हा त्या घरातला जुना शिक्का होता. आजीने आईवर मारला, आईने धाकटीवर.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना टाचणी कोचावर आली.

टाचणी म्हणजे थोरलीची लेक. अंगाने काडी आणि बोलणं टोचरं, म्हणून टाचणी. शाळेच्या फुटबॉल संघात ती गोलकीपर होती, आणि आपल्याशिवाय संघाचं पान हलत नाही असा तिचा दावा होता. एके दिवशी भर दुपारी शाळेतून तिला घरी पाठवलं. दारात आली ती भिंत धरून. चेहरा पांढराफटक, आणि टोचून बोलायला तोंडात शब्द नाही. थोरली कापड आणायला बाजारात गेली होती. आईने नातीकडे एकदा पाहिलं आणि गल्ला बंद केला.

"ये गं बाळ. तुझी जागा तयारच आहे."

तिने कोचावर धुतलेली चादर घातली, गरम पाण्याची पिशवी कप्प्यात सरकवली, पोरीला डाव्या कुशीवर निजवलं, आणि तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "आता झालीस तू खरी आपल्या घरची."

पण पोर लहान पडत होती. उंचवटा तिच्या पोटाखाली न येता मांड्यांपाशी येत होता, आणि ती वेदनेने कळवळून खाली सरकत होती. धाकटी पलीकडे खुर्चीला पट्ट्या ठोकत होती. ती ओठांत बारीक खिळे तसेच धरून उठली, गळ्यातला टेप काढला आणि पोरीच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत माप घेऊ लागली. खडूने कोचावर खूणसुद्धा केली. उंचवटा एवढा वर घ्यायचा, इथे एक जास्तीची उशी, मग बसेल नीट.

नेमकी त्याच वेळी सिस्टर आत आली.

ही सिस्टर मोठ्या हॉस्पिटलात बायकांच्या विभागात होती. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. तपासणीची टेबलं आणि बाहेरच्या बाकड्यांचं रेक्झिन फाटलं होतं, त्याचं काम द्यायला ती आली होती. पुढे कुणी दिसेना म्हणून सरळ मागच्या खोलीत शिरली, आणि तिला दिसलं ते असं: कोचावर कळवळणारी पोरगी, आणि तिच्या अंगावर टेप लावून उभी असलेली बाई, तोंडात खिळे घेऊन.

"हे काय चाललंय?" सिस्टरने विचारलं.

आईला वाटलं, गिऱ्हाइकाला कोच आवडला. तिने मोठ्या उत्साहाने त्याची सगळी कुळकथा सांगितली. आजीचा काथ्या, आपला स्पंज, धाकटीचा कप्पा. मग दुकानदार ती दुकानदारच, म्हणाली, "तुमच्याकडे बायकाच येतात ना? दोन-चार करून देऊ असे. भावाचं बघू आपण."

सिस्टर कोचाच्या कडेवर बसली, घसरली, सावरून पुन्हा बसली. पोरीला दोन-तीन प्रश्न विचारले. मग धाकटीकडे वळून खालच्या आवाजात बरेच विचारले, त्यात तो शौचाचाही होता. धाकटीने ओठांतले खिळे काढून हातात घेतले. हा प्रश्न आजवर तिला कुणीच विचारला नव्हता.

"मावशी," सिस्टर आईला म्हणाली, "तीन पिढ्या एका कोचावर निजल्या, आता चौथी निजलीय. कुणाला दाखवावंसं वाटलं नाही?"

"काय दाखवायचं त्यात?"

"आमच्या मोठ्या डॉक्टर याच आजाराच्या आहेत. दूरदूरहून बायका येतात त्यांच्याकडे."

"आजार?" आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आजार कुणाला आहे इथं? आमच्या घरात असंच असतं."

सिस्टर वाद घालत बसली नाही. रेक्झिनचा रंग ठरवला, आणि जाताना धाकटीला डॉक्टरांचं नाव नि वेळ सांगून गेली.

त्या संध्याकाळी धाकटी कोचापुढे बराच वेळ उभी राहिली. तिने खडूने केलेली खूण तशीच होती. स्वतःसाठी ती कधीच गेली नसती. नाजूक माणसाने डॉक्टरांचा वेळ खाऊ नये असं तिचं प्रामाणिक मत होतं. पण ती खूण तिला बघवेना. आपण पोरीच्या मापाचं दुखणं शिवायला बसलो होतो, असं काहीतरी तिला वाटलं आणि लाज वाटली. टाचणीला थेट न्यायला थोरली तयार नव्हती. पहिल्याच दुखण्यात पोरीला एवढ्या मोठ्या डॉक्टरकडे कशाला, असं तिचं म्हणणं. तेव्हा धाकटीने हिशेब सोपा केला. आधी मी जाते. माझ्या पोटात काही सापडलं, तर टाचणीचं कुणी हसण्यावारी नेणार नाही. नाहीच सापडलं, तर उशी शिवायला घ्यायची.

ओल्या फडक्याने तिने खूण पुसली. ती नीट गेली नाही.

मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळायला काही महिने लागले. गल्लीतल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागणार होती, त्यांनी ती लगेच दिली आणि वर म्हणाले, "मला आधीच सुचायला हवं होतं." दरम्यान हॉस्पिटलातलं काम झालं. तपासणीच्या टेबलांवर धाकटीने मन लावून काम केलं. जुनी टेबलं फळीसारखी होती. तिने जाड स्पंज घातला, कडा गोल केल्या, पायांकडचा भाग जरा उतरता ठेवला. आपणच पुढेमागे त्यावर निजणार आहोत हे तिच्या मनात होतं की नव्हतं, कोण जाणे.

तपासणीला आई बरोबर आली. आधार द्यायला नव्हे, लक्ष ठेवायला. "उगाच काहीबाही कापायला सांगतील," असं ती बसमध्ये दोनदा म्हणाली.

मोठ्या डॉक्टर दिसायला अगदी छोट्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि तो नाकावर चढवायचा की नाही याचा निर्णय त्यांना सतत घ्यावा लागत होता. त्या घाई करत नव्हत्या. दुखणं कधी सुरू झालं, कुठे, बसताना, उठताना, नवऱ्याजवळ जाताना, सगळं सरळ विचारत होत्या, आपण गिऱ्हाइकाला सोफा कुठे करकरतो ते विचारतो ना, तसं. मग तो प्रश्न आलाच.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"नाही," धाकटी म्हणाली.

"नाही," आईने दुजोरा दिला.

डॉक्टर लिहायला लागल्या. धाकटी त्यांच्या पेनाकडे बघत राहिली. मग तिने आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती.

"म्हणजे," धाकटी म्हणाली, "आमच्याकडे एक कोच आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला. धाकटीने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते पहिल्यांदा ऐकू आलं: आजी दोन-तीन दिवस, आई तीन-चार दिवस, मी निम्मा महिना, आणि आता चौदा वर्षांची पोर. आई मध्येच म्हणाली, "पण आम्हाला त्याचा काही त्रास नव्हता हो. आम्ही पडून राहायचो."

मग धाकटी टेबलावर निजली, आपणच शिवलेल्या. कडा खरंच टोचत नव्हत्या, याचं तिला तेवढ्यातही बरं वाटलं. डॉक्टरांनी हात धुऊन तपासलं, आणि एका ठिकाणी बोट येताच धाकटीचा श्वास अडकला.

"इथे?"

तिने मान हलवली.

"इथे दुखणारच," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "इथे गाठ लागतेय हाताला."

धाकटी रडायला लागली. सिस्टर पुढे झाली, डॉक्टरांनी हात काढून घेतला, दोघींना वाटलं फार दुखलं. तिला सांगता येईना की ती आनंदाने रडत होती. इतकी वर्षं ती जागा फक्त तिला ठाऊक होती. आज दुसऱ्या कुणाचं तरी बोट तिथे पोचलं होतं.

डॉक्टरांनी स्वतः पुन्हा सोनोग्राफी केली, हळूहळू, कोपऱ्याकोपऱ्यात थांबत. पुढे एमआरआय झाला. मग समोर बसवून त्यांनी सांगितलं. आजाराचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तशाच पेशी बाहेर वाढतात. दर महिन्याला सुजतात आणि आसपासच्या अवयवांना एकमेकांना चिकटवून टाकतात. धाकटीच्या उजव्या अंडाशयात गाठ होती, आणि गर्भाशयामागे आतड्यापाशी सगळं घट्ट धरून बसलं होतं.

"म्हणजे अस्तर बाहेरून लागलंय," धाकटी म्हणाली. हे तिला लगेच समजलं.

"काहीसं तसंच. साध्या सोनोग्राफीत हे पुष्कळदा दिसत नाही. आणि घरात एकीला असलं तर दुसरीला असण्याची शक्यता जास्त."

आईला ते नाव काही उच्चारता आलं नाही. त्या दिवसापासून ती त्याला 'ते लांबलचक' म्हणू लागली.

घरी आल्यावर थोरलीने मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही 'पण' म्हणाली नाही. ऐकून झाल्यावर टाचणीला हाक मारून म्हणाली, "तुझीही वेळ घ्यायचीय. खेळ असला तरी यायचं." धाकटीला हवं होतं ते तिथेच मिळालं होतं. पुढचं जे झालं ती वरची कमाई.

आधी काही महिने हार्मोनच्या गोळ्या झाल्या. पाळी थांबली, दुखणं निम्मं झालं, पण आतड्याकडची कळ हटेना. तेव्हा डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरवलं, आतड्याच्या सर्जनना बरोबर घेऊन. काय होऊ शकतं, काय बिघडू शकतं, सगळं त्यांनी आधी सांगितलं. "मुळासकट गेलं, पुन्हा येणारच नाही, असं मी कबूल करणार नाही," त्या म्हणाल्या. "पण तुमचं बटण ओढायचं काम तुम्हाला परत करता यावं, एवढं मी नक्की बघते." सोफ्याच्या बटणांची गोष्ट धाकटीने त्यांना केव्हातरी सांगितली होती. ती त्यांच्या लक्षात होती.

ऑपरेशनच्या दिवशी आई आणि नवरा बाहेरच्या बाकावर बसून होते. तेही बाकडं दुकानातलंच. जावयाने नखाने रेक्झिनची शिवण चाचपायला घेतली, तर सासूने त्याच्या हातावर चापट मारली. "उसवेल." काम अपेक्षेपेक्षा लांबलं. शेवटी मोठ्या डॉक्टर बाहेर आल्या, टोपीचा वळ कपाळावर तसाच, आणि म्हणाल्या की सगळं मोकळं केलं, आतडं कापावं लागलं नाही. जावई उभा राहिला, 'थँक्यू' म्हणायला तोंड उघडलं, आणि चष्मा पुसत पुन्हा खाली बसला.

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात, ते खोटं नाही. हॉस्पिटलातून माहेरी आल्यावर आईने सवयीने कोचावर चादर घातली, पण उंचवटा टाक्यांना लागायला लागला. धाकटीला आता उताणं, सपाट निजायचं होतं, आणि त्या कामाला घरातला तो एकमेव कोच नालायक होता. ती आपल्या घरी, आपल्या पलंगावर झोपली. काही आठवड्यांनी एका सकाळी नवरा पलंगाच्या अगदी कडेवर अंग चोरून पडलेला तिला दिसला.

"असा का झोपलायस?"

"जागा कुठंय? पूर्ण पसरतेस तू आता." मग थोडं थांबून म्हणाला, "तू एवढी उंच आहेस हे मला माहीतच नव्हतं."

लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती, आणि ते खरंच होतं. ती कायम मुटकुळं करून झोपायची. धाकटी हसली, आणि हसताना पोट दुखलं नाही हे तिच्या दोन क्षणांनी ध्यानात आलं.

पुन्हा तपासायला गेली तेव्हा ती बटणांच्या कामाला लागलेली होती. गोळ्या चालू राहणार होत्या, अधूनमधून दाखवायचं होतं, एखादा वाईट दिवस अजून यायचा. पण एखादाच. टाचणीलाही दाखवून झालं होतं. तिला ऑपरेशन वगैरे काही नाही, एक गोळी आणि लक्ष ठेवणं. संघाचं पान तिच्याशिवाय खरंच हलत नसावं, कारण तिने एकही सामना चुकवला नव्हता.

उठताना आईने डॉक्टरांना थांबवलं. "मला एक विचारायचं होतं. मला आता काही होत नाही. वय गेलं. पण मला तेव्हा व्हायचं, ते... ते लांबलचकच होतं का?"

डॉक्टरांनी चष्मा नाकावर चढवला. "आता खात्रीने नाही सांगता येणार. पण तुम्ही जे सांगता त्यावरून, बहुतेक हो."

"माझ्या आईलाही?"

"शक्य आहे."

आई थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "म्हणजे मी नाजूक नव्हते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली नाही. डॉक्टरांनी तरी उत्तर दिलं. "त्यात उभं राहून तुम्ही दुकान चालवलंत. नाजूक कशा असाल?"

दुकानात पोचल्यावर आईने चपला काढल्या, ती मागच्या खोलीत गेली, आणि पक्कड मागितली. थोरलीने मशीन थांबवलं. आई कोचासमोर जमिनीवर बसली आणि कडेचे खिळे एकेक करून उपटायला लागली. तिच्या गुडघ्यांचं काय होईल म्हणून धाकटी पुढे झाली, तर आईने हाताने लांब केलं. कापड निघालं, धाकटीचा कप्पा निघाला, आईचा स्पंज निघाला, आणि तळाशी आजीचा काथ्या, दाबून दाबून दगड झालेला. आईने तो मांडीवर घेतला.

"बिचारी," ती म्हणाली. "केवढं घट्ट भरलंय." आणि मग ती आपल्या आईसाठी रडली, नीट, आवाज करून, जशी आईच्या मरणाच्या वेळीही रडली नव्हती. दोघी लेकी तिच्या दोन्ही बाजूंना बसून राहिल्या.

सांगाडा सागवानी होता, तो टाकण्यात अर्थ नव्हता. धाकटीने नव्या पट्ट्या ताणून ठोकल्या, वर एकसारखा सपाट स्पंज घातला, थोरलीने हिरवं कापड शिवलं, आणि पाठीत धाकटीने सगळी बटणं एका दुपारी, न थांबता ओढून बसवली. कोच पुढच्या खोलीत आला. गिऱ्हाइकं त्यावर बसून आपापल्या कामाचा भाव पाडू लागली. कोचाची किंमत मात्र आता कुणी विचारेना.

एके संध्याकाळी टाचणी खेळून आली. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या लक्षात आलं की हे पोरीचे तेच दिवस. पोरीच्या बहुधा ध्यानातही नव्हतं. तिने दप्तर फेकलं, मातीने भरलेल्या मोज्यांसकट कोचावर आडवी पडली, तंगड्या कोचाच्या पाठीवर टाकल्या, आणि आज गोल कसा अडवला ते छताला सांगू लागली. आई गल्ल्यावरून ओरडली.

"पाय खाली घे आधी. तो बसायचा कोच आहे."